गाईडमधलं चालणार नाही

त्या रविवारी मी धायरीला पोहोचले तेव्हा आप्पांचा तास चालू होता. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, पार्किंगला लागून त्यांची खोली. इमारत उभी आहे ती जमीन पूर्वी आमची. बिल्डरने फ्लॅट दिले तेव्हा आप्पांनी हट्टाने ही खोलीही मागून घेतली आणि शाळेची नोकरी सांभाळून तिथे बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला लागले. निवृत्त झाल्यावर तर ते दिवसभर तिथेच असत. वर जायचं सोडून मी दाराबाहेर उभी राहिले. ही माझी जुनी सवय.

"आयरनी," आप्पा म्हणाले. "बोलायचं एक, अर्थ भलताच. उदाहरण दे. साई."

"सर, गाईडमध्ये दिलंय की—"

"गाईडमधलं चालणार नाही. काल घरात कोण काय बोललं?"

साई नावाचा उंच मुलगा उभा राहिला. मान खाजवली. "काल मी उशिरा घरी गेलो तर बाबा म्हणाले, आलात? एवढी काय घाई होती? अजून सकाळ व्हायची आहे."

"शाब्बास. बाबांना नमस्कार सांग. बाप साहित्यात जगतोय आणि पोरगं गाईड वाचतंय. हीसुद्धा आयरनीच. लिहून घ्या."

हा आप्पांचा नियम. बोर्डाच्या परीक्षेत कवितेतली ओळ देतात आणि तिच्यातला अलंकार ओळखून समजावून सांगायला सांगतात. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, अशी ती यादी. सगळ्या क्लासमध्ये ती पाठ करून घेतात. आप्पांकडे मात्र प्रत्येकाने प्रत्येक अलंकाराला एक ऐकलेलं उदाहरण आणायचं. घरात, बसमध्ये, भाजीवाल्याकडे, कुठेही कानावर पडलेलं. कुणीतरी खरंच बोललेलं. मराठीत असलं तरी चालेल. आप्पा म्हणत, अलंकार काही इंग्रजांनी आणलेले नाहीत, त्यांनी फक्त नावं ठेवली.

जेवायला वर गेलो. आमच्या घरी आप्पा आणि त्यांची धाकटी बहीण बायडाबाई, म्हणजे माझी आत्या, दोघंच राहतात. म्हणजे राहायचे. आई मी चौथीत असताना गेली. मी एका प्रकाशकाकडे संपादक आहे. ऑफिस शनिवार पेठेत आणि जवळच एक भाड्याची खोली. येण्याजाण्यात दिवस जातो म्हणून मी फक्त रविवारी धायरीला येते.

"कालवण जरा वाढव गं," आप्पा आत्याला म्हणाले. "आज घरात खाणारी तोंडं तीन."

"तोंडंच आल्यात का? मानसं न्हाई आली?" आत्या म्हणाली.

"सिनेक्डकी," आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले. "अवयवाचं नाव घ्यायचं, माणूस सांगायचा."

"माहितीय, आप्पा."

"तुला माहीतच असणार." त्यांनी भाकरी मोडली. "काय वाचतेस सध्या?"

"एक कादंबरी. भाषांतर आलंय कामाला."

"बरी आहे?"

"बरी आहे."

ते अजून काहीतरी विचारतील असं वाटलं. पण त्यांनी ताक ओढून घेतलं. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी अपॉस्ट्रफी घेतोय. ये ऐकायला."

"बघते."

संध्याकाळी ते मला बसपर्यंत सोडायला आले. बस भरलेली होती. "सीएनजीची आहे, पण माणसांवर चालते," ते म्हणाले, आणि मी हसत चढले. सोमवारी सकाळी आप्पा खोली उघडायला खाली उतरले, ते फळ्याशेजारच्या खुर्चीत बसलेले सापडले. आत्याला वाटलं, डोळा लागला.

भेटायला येणाऱ्यांमध्ये जुने विद्यार्थी फार. गावचे होते, हिंजवडी-हडपसरला कंपन्यांत असलेले होते. "सर गेले." "सर राहिले नाहीत." "सरांचं सोनं झालं." मेले असं कुणीच म्हणालं नाही. याला युफेमिझम म्हणतात, बोचरी गोष्ट मऊ शब्दांत सांगणं. माझ्या डोक्यात अशी नावं आपोआप येत होती आणि त्यांचा मला आधार वाटत होता. रडण्यापेक्षा ते मला जास्त जमतं.

पण एका नावापाशी मी अडकले. अपॉस्ट्रफी.

समोर नसलेल्याला, समोर असल्यासारखी हाक मारून बोलणं. आप्पा तो अलंकार नेहमी शेवटी घ्यायचे आणि त्याची पद्धत वेगळी होती. त्याला ऐकलेलं उदाहरण चालत नसे. प्रत्येकाने उभं राहायचं, खिडकीकडे तोंड करायचं, आणि इथे नसलेल्या कुणाशी तरी मोठ्याने बोलायचं. आधी सर स्वतः बोलणार, मग मुलं.

सोळाव्या वर्षी मीही त्या खोलीत तिसऱ्या बाकावर बसले होते. क्लासमध्ये त्यांना सर म्हणायचं असा त्यांचा नियम होता. मला ते जमेना. आप्पाही म्हणता येईना. म्हणून वर्षभर मी त्यांना कशानेच हाक मारली नाही. त्या वर्षी अपॉस्ट्रफीला ते बुजवलेल्या विहिरीशी बोलले. जिच्यावर आता इमारतीची पाण्याची टाकी आहे, त्या विहिरीशी. "अगं विहिरी, तुझ्या डोक्यावर लोक टँकरची वाट बघतात, तुला आतून हसू येतं का?" सगळे हसले. मग मुलं एकेक करून बोलली. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी वहीतून मान वर न करता म्हटलं, "तुझं राहू दे."

मला वाटलं, मी आईशी बोलेन अशी त्यांना भीती वाटली. आमच्या घरात आईचा विषय निघत नसे. भांडण नव्हतं, मनाई नव्हती. नुसता निघत नसे. आता आप्पा नव्हते आणि मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती. मी त्या खोलीत नसायचे, त्या सगळ्या वर्षांत ते कुणाशी बोलायचे? माझ्यासमोर विहीर. माझ्यामागे आई?

विक्रम आला तेव्हा मी त्याला विचारलं. तो आता एका आयटी कंपनीत आहे. काही वर्षांपूर्वी आप्पांच्या क्लासला होता आणि त्याची धाकटी बहीण ऋतुजा यंदाच्या बॅचमध्ये होती. तो सतरंजीवर पाय दुमडून बसला होता.

"विक्रम, तुमच्या वेळी सर अपॉस्ट्रफीला गेलेल्यांपैकी कुणाशी बोलायचे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. "गेलेल्यांपैकी? कुणाशीच नाही, ताई."

"माझ्या आईशी?"

"नाही ताई. कधीच नाही." तो चुळबुळला. "मी निघू का? शिफ्ट आहे."

मला ते उत्तर पटलं नाही. आणखी दोघातिघांना विचारलं, त्यांचंही तेच. गेलेल्यांशी सर बोलत नसत. मग कुणाशी, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझ्या दृष्टीने प्रश्न संपला होता आणि हाती काही लागलं नव्हतं.

दहाव्याला नदीकाठी घाटावर गेलो. माझा चुलतभाऊ बजरंग विधीला बसला. पिंड ठेवले, आम्ही मागे सरकलो. समोरच्या पिंपळावर कावळे होते. एकही खाली येईना.

आमच्याकडे अशा वेळी माणसं गेलेल्याशी बोलतात. त्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजायचं आणि हात जोडून मोठ्याने वचन द्यायचं. ते पटलं की कावळा शिवतो.

बजरंग पुढे झाला. "काका, बांधाची केस मागं घेतो. खरंच घेतो." एक कावळा उडाला आणि लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

"त्याला म्हाईत हाय तू घेनार न्हाईस," आत्या पुटपुटली.

कुणी म्हणालं, वर्षश्राद्ध नीट करू. कुणी म्हणालं, बायडाबाईला अंतर देणार नाही. काही नाही. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "सर फार कडक होते का हो?"

"अर्धा मार्क वाढवायचे नाहीत," मागून साई म्हणाला. क्लासची चारपाच मुलं आली होती, ती सगळ्यांच्या मागे उभी होती.

मग बजरंग माझ्याकडे वळला. "उत्कर्षा, तू बोल की. एकुलती एक हायेस. तुझ्यातच अडाकला आसंल जीव."

मी पुढे झाले. हात जोडले. मला शब्द येतात, माझं कामच ते आहे. पण तिथे, एवढ्या लोकांत, उन्हात, तोंड उघडेना. मी उभी राहिले आणि परत मागे आले.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार, तेवढ्यात आत्या पुढे गेली. "दादा! पोरांचा क्लास बंद पडायचा न्हाई. उत्कर्षा शिकवील परीक्षा होईस्तवर. तिच्या वतीनं मी शबूद देते."

कावळा खाली आला. भाताची मूद उचलली आणि गेला.

मी आत्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "चला, आटपा," ती म्हणाली, "गुरुजींना उशीर हुतोय."

मी या गोष्टी मानत नाही. कावळ्याला भूक लागली होती, एवढंच. पण पुढच्या रविवारी मी त्या खोलीत फळ्यासमोर उभी होते.

पहिला तास वाईट गेला. मी उत्तम उदाहरणं काढून नेली होती. मोठ्या कवींची, सगळ्या जगातली. मुलं शहाण्यासारखी लिहून घेत होती. शेवटी साईने हात वर केला.

"मॅम, हे कोण बोललं?"

"एक कवी."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? कवितेत आहे ते."

"हां, म्हणजे गाईडमधलंच," तो म्हणाला आणि पुढच्या बाकावरची ऋतुजा खुदकन हसली. मीही हसले. किती दिवसांनी, ते मोजलं नाही.

मग मीही आप्पांच्या नियमावर आले. आठवडाभर बसमध्ये, ऑफिसात कान उघडे ठेवून उदाहरणं गोळा करायची आणि रविवारी न्यायची. बसमधली बाई फोनवर म्हणाली, "तुझं घर आहे का प्लॅटफॉर्म?" मेटाफर. आत्या मेथीची जुडी निवडताना म्हणाली, "बघ कशी मान टाकून बसलीय, रुसल्यावानी." पर्सनिफिकेशन, भाजीला माणूस करणं, आणि त्यात सिमिलीसुद्धा. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मैत्री नावाच्या मुलीने मला विचारलं, "हे नवीन काय? आधी पानं पुटपुटत बसायचीस, आता लोकांचं बोलणंही लिहून घेतेस?" मी म्हटलं, सवय आहे. पुटपुटण्याबद्दल ती नेहमी विचारते आणि मी नेहमी एवढंच सांगते.

मुलांची तयारी होत होती. परीक्षा जवळ आली. सगळे अलंकार झाले, एक सोडून. मी तो टाळत होते हे मुलांच्याही लक्षात आलं असावं. शेवटच्या रविवारी मी फळ्यावर त्याचं नाव लिहिलं.

"अपॉस्ट्रफी. समोर नसलेल्याला हाक मारून बोलणं. कवितेत 'ओ' दिसला की बहुधा हाच. म्हणजे गेलेल्या माणसाशी..."

"मॅम, सरांच्या दहाव्याला झालं ते," साई म्हणाला. मग जीभ चावली. "सॉरी."

"नाही, बोल."

"सगळे बोलत होते ना. केस मागे घेतो वगैरे."

"कावळ्याशी?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"कावळ्याशी कशाला? कावळा नुसता कुरिअरवाला. बोलत होते सरांशी."

"कावळा कुरिअरवाला. मेटाफर," ऋतुजा म्हणाली. "दोन अलंकार एकात."

मी खडू हातात धरून उभी राहिले. घाटावर मी उभी होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि हे मला दिसलं नव्हतं. आप्पांचा सगळ्यात शेवटचा धडा आमच्या सगळ्या भावकीने मिळून घेतला होता. एक मी गप्प राहिले होते. दुसऱ्यांदा.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "गेलेल्या माणसाला उद्देशून बोललेलं, म्हणून अपॉस्ट्रफी."

"मॅम," ऋतुजा म्हणाली, "तुम्ही सारखं गेलेला, गेलेला म्हणताय. गेलेलाच पाहिजे असं नाहीये ना? नसलेला चालतो. सरांचं तेच होतं. जिवंत असला तरी चालेल, फक्त खोलीत नको."

व्याख्येत तेच आहे. मीच फळ्यासमोर मघाशी म्हटलं होतं, समोर नसलेला. आणि तरी गेले कित्येक आठवडे मी नसलेल्याच्या जागी गेलेला धरून चालले होते. विक्रमला, सगळ्यांना मी तेच विचारलं होतं.

"सरांचं तेच होतं म्हणजे? तुमच्या बॅचला हे झालंच नव्हतं."

"विक्रमदादाच्या बॅचला झालं होतं ना. तो घरी करून दाखवायचा." ती थांबली. "दादा म्हणाला होता, ताईंना सांगू नकोस, वाईट वाटेल."

"सांग."

तिने बाकीच्यांकडे पाहिलं. मग उभी राहिली, खिडकीकडे वळली, आणि एक हात नाटकातल्यासारखा वर केला. आप्पा तसाच करायचे, मला विहीर आठवत होती.

"ओ उत्कर्षा! शनिवार पेठेत बसून साऱ्या जगाची पुस्तकं वाचणाऱ्या पोरी! तुझ्या बापानं ह्या खोलीत तुला जे शिकवलं, ते कुठं उपयोगी पडतं का गं तुला?"

ऋतुजाने हात खाली घेतला.

"मग?" मी विचारलं.

"मग सर थांबायचे. खूप वेळ. पोरं हसायला लागायची. मग सर म्हणायचे, बघा. उत्तर येत नाही. म्हणून ही अपॉस्ट्रफी. उत्तर आलं असतं तर नुसत्या गप्पा झाल्या असत्या. लिहून घ्या."

"दर वर्षी?"

"दादा म्हणतो, आधीच्या बॅचलाही हेच होतं. सगळ्यांना पाठ आहे."

म्हणजे घरी सतरंजीवर बसलेल्या त्या सगळ्यांना माहीत होतं. ते मला भेटायला आले, पाणी प्यायले, आणि माझ्याकडे बघून त्यांना हे वाक्य आठवत असणार. मी त्यांना आईबद्दल विचारत होते.

मला आणखी एक आठवलं. "ये ऐकायला," असं ते त्या रविवारी म्हणाले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी आले असते, खोलीत बसले असते, तर मी नसलेली राहिले नसते. त्यांना पुन्हा विहिरीकडे वळावं लागलं असतं. की या वेळी त्यांना तेच हवं होतं, मी समोर असताना विचारायचं, आणि नुसत्या गप्पा झाल्या तर होऊ द्यायच्या? कितीही वेळा उलटसुलट करून पाहिलं तरी हे मला कळणार नाही. जेवताना ताक ओढून घेण्याआधी त्यांच्या ओठावर हेच होतं का, तेही नाही.

"मॅम," साई हळूच म्हणाला, "सर आधी स्वतःचं द्यायचे. मग आमचं."

"हो."

"आणि गाईडमधलं—"

"माहितीय."

मी खडू ठेवला. हात पुसले. खिडकीबाहेर पार्किंग, ओळीने लावलेल्या स्कूटर, आणि विहीर होती तिथल्या टाकीवर वाळत घातलेली कुणाची तरी चादर. वरून आत्याच्या कुकरची शिट्टी आली. मी खिडकीकडे तोंड केलं. हात वर करायला मला जमलं नाही, तो मी गजावर ठेवला.

"सर," मी म्हणाले. या खोलीत मी त्यांना पहिल्यांदा हाक मारत होते. "सर, तिसऱ्या बाकावरची उत्कर्षा. माझं एक उदाहरण राहिलं होतं."

मागे कुणीतरी वही मिटली.

"तुम्ही विचारलं होतंत. मला आज कळलं. ऑफिसात कुणाचंही पान हातात आलं की मी ते आधी पुटपुटते. मैत्री हसते मला. पुटपुटते आणि विचारते, असं कुणाच्या घरात कोण बोलतं का? कुणी बोलत नसेल, तर तिथे पेन्सिलीची खूण करते. चांगल्या चांगल्या लेखकांच्या पानांवर केल्यात खुणा. त्यांनी वाक्यं बदलली. त्यांना वाटतं, मी खूप वाचलंय म्हणून मला कळतं. वाचलंय, पण हे त्यातलं नाही. हे ह्या खोलीतलं आहे."

मी थांबले. उत्तर येणार नव्हतं, त्यामुळे घाई नव्हती.

"उपयोगी पडतं, आप्पा. रोज पडतं."